बापाला मागे टाकायची शर्यत

टॉलेफसनांच्या घरात त्या शरद ऋतूत सगळ्यांच्याच अंगात आलं होतं. थोरल्या बेरिटला लष्करी अकादमीत जायचं होतं आणि त्याआधी शारीरिक चाचणी द्यायची होती. झालं! बाप ऑरिनने स्वयंपाकघराच्या दारात लोखंडी दांडा ठोकला आणि फर्मान काढलं, दांड्याला लोंबकळल्याशिवाय कुणालाही आत प्रवेश नाही. भूक लागली? लोंबकळ. पाणी हवंय? लोंबकळ. चर्चचे पाद्रीबुवा सहज कॉफीला आले, तर बिचाऱ्यांनी कोट काढून हनुवटी दांड्यापर्यंत नेली तेव्हा कुठे त्यांना कप मिळाला. दुसऱ्या रविवारी ते घरून कॉफी पिऊनच आले.

गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल लांब फेकायचा, हाही त्या चाचणीचा एक भाग. कोणत्या शहाण्याच्या डोक्यातून निघाला, देव जाणे. बेरिट त्याचा सराव गोठ्यात करायची. गाई आधी बिचकायच्या, मग त्यांनी बघणंही सोडून दिलं. एकदा चेंडू थेट दुधाच्या टाकीवर आदळला आणि बाप धावत आला. बेरिटला वाटलं, आता बसतंय रट्टा. तर हा म्हणतो, "लांब गेला गं! पण खांदा उघड जरा, म्हातारीसारखी काय फेकतेस?"

एवढं सगळं जमत आलं, घोडं अडलं ते धावण्यापाशी. एक मैल, म्हणजे शाळेच्या मैदानाला चार फेऱ्या.

आता हा ऑरिन म्हणजे तरुणपणी अख्ख्या काउंटीत मैलभराच्या शर्यतीत पहिला आलेला गडी. पोट सुटलं, केस गेले, पण पाय तसेच राहिले. रोज पहाटेचं दूध काढून झालं की बापलेक रस्त्याने पळायचे. बाप पुढे, लेक मागे. लहानपणापासून बेरिट त्याच्या पाठीकडे बघत पळत आली होती, आणि एकदाही, अगदी एकदाही, तिने त्याला ओलांडलं नव्हतं. मुद्दाम हरायचा स्वभाव नव्हता त्याचा.

"एकदा तरी जिंकू दे की रे बाबा!" ती धापा टाकत म्हणायची.

"फुकटचं देऊ तुला? अकादमीवाले देणार आहेत का?" असं म्हणून हा आणखी जोरात सुटायचा.

बापाची पाठ समोर असली की बेरिट चाचणीला पुरेल इतपत पळायची. एकटी पळाली की पाय जड व्हायचे. हे तिला ठाऊक होतं, आणि रात्री अंथरुणात पडल्यावर याच विचाराने ती कूस बदलत राहायची.

चाचणी घ्यायला व्यायामाचे शिक्षकच लागतात, पण नातेवाईक चालत नाही. आणि यांच्या टॅमरॅक बेंड गावच्या शाळेत व्यायामाच्या शिक्षिका कोण? तर बेरिटची आईच, जॅनेल. मग बोलवाव्या लागल्या शेजारच्या लिंडेनफेल्डच्या केसलरबाई. लिंडेनफेल्ड म्हणजे व्हॉलीबॉलमध्ये यांचं हाडवैरी गाव. गेल्या वर्षी बेरिटच्याच फटक्याने त्यांचा संघ स्पर्धेतून बाहेर गेला होता. चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता बाई गाडीतून उतरल्या. गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ.

चेंडू फेकून झाला, चांगला गेला. दांड्यावर बाई दोनदा म्हणाल्या, "हनुवटी वर आली नाही. धरत नाही." बेरिटने दात-ओठ खाऊन तिसऱ्यांदा अशी वर खेचली स्वतःला, की बाईंना धरावंच लागलं. आई पायऱ्यांवर बसून नखं खात होती. ऑरिनला तर एका जागी बसवेना. बाईंना जरा मऊ करावं म्हणून तो ट्रकमधून ताजं चीज आणायला पळाला.

आणि नेमकं तेव्हाच बाईंनी धावण्याचा नियम सांगितला.

"सोबत कुणी पळायचं नाही. कुणी तुझ्या बरोबरीला आलं, की धाव बाद. धाव बाद म्हणजे चाचणी बाद. निकाल उद्यापर्यंत पोचायला हवा, मी परत यायची नाही. कळलं?"

"कळलं, बाई," बेरिट म्हणाली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

शिट्टी वाजली. पहिली फेरी निभावली. दुसऱ्या फेरीत समोर नुसतं रिकामं मैदान, ना पाठ ना काही, आणि पाय हळूहळू तिचे राहीनात. "हात हलव, हात!" आई ओरडत होती. बेरिटच्या मनात आलं, संपलं. सातवीपासून उराशी धरलेलं सगळं इथेच, या गवतावर संपलं.

तेवढ्यात ऑरिन चीजची पिशवी घेऊन परतला. लेक ढेपाळलेली दिसली आणि गड्याला राहवलं नाही. पिशवी टाकली, कुंपणावरून टांग टाकली, आणि गोठ्यातल्या रबरी गमबुटांसकट मैदानात उतरला.

"ऑरिन! अरे मेल्या, माघारी फीर!" जॅनेल किंचाळली आणि आडवी गेली. त्याने तिला सफाईने हुलकावणी दिली. केसलरबाईंनी शिट्टी फुंकली. याला वाटलं, प्रोत्साहनच; यानेही पळता पळता उत्साहाने हात हलवला.

बेरिटने मागे वळून पाहिलं. फटाक फटाक बूट आपटत बाप येत होता.

"बाबा, येऊ नकोस! नियम आहे!"

"बोलू नको!" तो ओरडला. "दम जपून वापर!"

"अरे पण बाबा!"

"तोंड बंद, पाय चालू!"

"पोरी, त्याने गाठलं तर बाद!" केसलरबाई गरजल्या. बुटांच्या फटफटाटात ऑरिनला ते ऐकूच गेलं नाही.

आता करायचं काय? बापाला समजावणं शक्य नव्हतं, थांबवणं शक्य नव्हतं. पळणं एवढंच उरलं. आणि बेरिट पळाली! कशी पळाली म्हणून सांगू! मागे ते बूट जवळ येत होते, आणि तिला भीतीही वाटत होती, आणि हसूही आवरत नव्हतं. जन्मभर ज्याला गाठायला धडपडली, तोच आता हिला गाठायला धावत होता. "अस्संच! अस्संच, पोरी!" तो मागून बोंबलत होता. शेवटची फेरी लागली. पायऱ्यांवर आई उभी राहून नाचत होती, रडत होती, की दोन्ही, कळायला मार्ग नव्हता.

शेवटच्या वळणावर बुटांचा आवाज मंदावला, मग थांबला. बेरिट थांबली नाही. रेषा ओलांडून ती गवतावर कोसळली.

केसलरबाईंनी घड्याळ पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"बाई, ते... माझे वडील..."

"सोबत म्हणजे बरोबरीने," बाई म्हणाल्या. "ते मागे होते. चांगलेच मागे होते." त्यांनी वेळ लिहून टाकली. "पास आहेस. पुढच्या वर्षी तू व्हॉलीबॉलला नसशील, एवढं आमच्या पोरींना आवर्जून सांगते."

आई धावत येऊन गळ्यात पडली. बेरिट मात्र तिला सोडवून तशीच वळणाकडे चालत गेली. ऑरिन बूट काढून गवतात बसला होता. चेहरा लालबुंद, छाती भात्यासारखी हलत होती. बेरिटने नियम सांगितला तेव्हा तो लालाचा पांढरा झाला.

"म्हणजे मी गाठलं असतं तर..."

"गेलं असतं सगळं."

"अगं, मी जीव तोडून पळत होतो!" त्याने डोक्याला हात लावला. "खरंच गाठायला बघत होतो गं. मुद्दाम नाही राहिलो मागे."

"माहितेय, बाबा."

तो मोठ्याने हसला, आणि हसता हसता बाहीने डोळे पुसले. तिने हात पुढे केला, ओढून त्याला उभं केलं, आणि दोघं ट्रककडे निघाली. तिचे पाय अजून भन्नाट सुटले होते.

"हळू चाल की जरा," तो मागून म्हणाला. "मी मागे राहतोय."

बेरिट थांबली आणि तो येईपर्यंत उभी राहिली.