वाचनाची खोली

माझी भाची रोज दुपारी गल्लीतल्या एका खोलीत दृष्टी गेलेल्या म्हाताऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. शहरातल्या प्रतिष्ठानाला हे कळलं आणि त्यांनी तिला ‘युवा नेता’ करून टाकलं. तिथंच माशी शिंकली. आज शिबिर, उद्या सत्कार, परवा परगावी भाषण. विषय एकच: ‘मी वाचून कशी दाखवते’. खोलीला मात्र कुलूप. मी बोलले, तर मलाच म्हणते, “मावशी, जरा मोठा विचार कर ना!”

काल प्रतिष्ठानवाले त्या बंद दारावर चकचकीत पाटी ठोकून गेले. तिथं आशेनं ताटकळलेल्या म्हाताऱ्या शिंप्याला अध्यक्षांनी भाचीशेजारी उभं केलं, “हसा आजोबा” म्हणून फोटो काढला आणि सगळे गाडीत बसून जेवायला गेले. भाचीसुद्धा.

शिंपी तिथंच राहिला. पाटीवरून बोटं फिरवत त्यानं विचारलं, “काय लिहिलंय हो ताई?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण वाचून दाखवलं, “येथे दररोज वाचन होते.”

“चला,” काठी चाचपत तो म्हणाला, “आजचं झालं.”