फाटलेली आयोली

सोलांजने हातातला बत्ता थांबवला. मघापर्यंत लोण्यासारखी दिसणारी आयोली, लसूण-तेलाची ती घट्ट चटणी, बघता बघता फाटली. तेल वर आलं, लसणीचा चोथा तळाशी बसला.

बाहेर चिनाराखाली अख्खं गाव उकडलेला मासा आणि बटाटे पुढ्यात घेऊन खोळंबलं होतं. यंदाच्या गावजेवणाची आयोली आपली सून करील, असं लेओंतीनने आपणहून सांगून टाकलं होतं. सोलांज उत्तरेची, लोण्याच्या मुलखातली. लग्नाला चार वर्षं झाली तरी इथे, तेलाच्या मुलखात, ती परकीच होती. आज तरी गावाने आपलं म्हणावं, एवढीच तिची आस होती.

लेओंतीनची नणंद उर्सुल दारातून डोकावली.

"फाटली ना? वाटलंच मला! वहिनी, सुनेला विचारलंत का, पाळी तर नाही ना आली? तशा बाईने बत्ता धरला की आयोली फाटायचीच, अख्खं गाव जाणतं."

सोलांजची मान खाली गेली. पाळी सकाळीच आली होती.

उर्सुल बाहेर वळताच शेजारी उभ्या लेओंतीनने दुसरा खल पुढे ओढला, त्यात नवं अंडं फोडून नुसता बलक टाकला.

"रडतेस काय वेडे? तेल ओतायची घाई केलीस, बाकी काही नाही. तेल आणि पाणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. बलक दोघांचा हात धरतो, तेलाच्या थेंबाथेंबाला धरून बसतो. पण भसकन ओतलंस तर तो बिचारा कुणाकुणाला धरणार? घे, फाटलेलीच थोडी थोडी घाल यात. घोट."

"आई, पुन्हा फाटली तर?"

"तर पुन्हा अंडं फोडू. कोंबड्या मेल्यात का आपल्या?"

सोलांज चमच्याचमच्याने घालत घोटत राहिली. हळूहळू बत्ता जड झाला. मग खलात उभाच राहिला.

दोघींनी मिळून खल बाहेर आणला.

"एवढा उशीर?" कुणीतरी ओरडलं.

उर्सुलने तोंड उघडायच्या आत लेओंतीन म्हणाली, "फाटली होती. माझ्या हातून. सूनबाईने सावरली."

"तुमच्या हातून?" उर्सुल म्हणाली. "पण वहिनी, तुमची पाळी तर कधीच..."

ती मध्येच थांबली. लेओंतीनने पंचाहत्तरी ओलांडली होती. आधी बायका हसल्या, मग पुरुषही. उर्सुलने ताट पुढे केलं.

सोलांजने तिला भरपूर वाढलं. मग सासूशेजारी बसून मेजाखाली तिचा हात घट्ट धरला. दोघींच्याही हातांना लसणीचा वास येत होता.