पाच शेक

टोपणावर दातांचे व्रण होते, आणि ते आपलेच हे त्याच्या आत्ता लक्षात आलं — जांभळ्या मार्करचं टोपण, इतकं चावलेलं की टोकाला प्लास्टिक पांढरं पडलं होतं... कधीपासून चावतोय आपण हे? सोमवारपासूनच असणार. सोमवारी ताई पहिल्यांदा त्या टेबलावर झोपली, त्याने तिच्या पोटावर आणि कुशीवर याच पेनाने रेघा ओढल्या, आणि ती म्हणाली होती, "गुदगुल्या होतात रे ढब्बू, लवकर आटप." कानशिलं पिकलेला, किरणोपचार खात्यातला सगळ्यांत जुना तंत्रज्ञ, आणि जोडीला काम करणाऱ्या बाईंसमोर ढब्बू. बाईंनी तोंड फिरवून हसू लपवलं होतं, आणि तेव्हापासून त्या त्याच्याशी जरा जास्तच हळुवार बोलत होत्या. ताईची फाइल त्यांनीही वाचली होती.

मशीन गरम होत होतं. सकाळची तपासणी झाली की भिंतींतून निघणाऱ्या तीन लाल रेघा रिकाम्या टेबलावर एकमेकींना छेदत पडायच्या, आणि त्या बरोबर पडल्या आहेत एवढं बघून घ्यायचं. दिवसभर मग माणसं त्या रेघांखाली आणून ठेवायची. काल जिथे होतं तिथेच आज शरीर ठेवायचं, बोटभरही इकडेतिकडे नाही, कारण बोटभर सरकलं तर किरणांचा शेक चांगल्या मांसाला बसतो आणि रोग बाजूला सुखाने पडून राहतो. त्यासाठी अंगावरच्या त्या जांभळ्या रेघा, ज्या पुसायच्या नाहीत असं प्रत्येकाला बजावलेलं असतं आणि ज्या ताई रोज अंघोळीला घासून घासून पुसून टाकायची. "शाईच ती. कपड्यांना लागते," असं तिचं म्हणणं. तो रोज नव्याने ओढायचा, चिडायचा, आणि चिडता येतंय म्हणून त्याला बरंही वाटायचं.

आज चौथा. उद्या पाचवा, आणि मग संपलं... संपलं म्हणजे काय संपलं, हे त्याला माहीत होतं.

या खात्यात आकडा बोलतो. ज्यांचं बरं व्हायची आशा असते त्यांना दीड दीड महिना रोज यावं लागतं — थोडा शेक आज, थोडा उद्या, कातडी काळवंडते, घास गिळवत नाही, माणूस रडकुंडीला येतो, पण रोग मुळातून जाळायचा तर असंच जाळावं लागतं. आणि ज्यांच्या बाबतीत मुळापर्यंत जाण्यात अर्थ उरलेला नसतो त्यांना पाच, कधी कधी एकच, मोठा, दुखणं बोथट करण्यापुरता. जितका आकडा लहान तितकी गोष्ट पुढे गेलेली. हे भिंतीवर कुठे लिहिलेलं नसतं, पण इथल्या झाडूवाल्यालासुद्धा कळतं.

डॉक्टरांनी ताईची फाइल त्याच्यापुढे सरकवली तेव्हा तोंडाने फारसं काही सांगितलं नव्हतं. स्तनाचं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली होती, सगळे विसरले होते, आणि आता मणक्यांत, यकृतात... "पाठीचं दुखणं उतरेल," डॉक्टर म्हणाले. "बाकी तुम्ही घरचेच. मी सांगण्यापेक्षा तुम्हीच सांगा, तुमच्या पद्धतीने." बाहेरच्या नातेवाइकांना डॉक्टर खुर्ची देतात, पाणी मागवतात, दार लावून घेतात. आपल्या माणसाला काय समजावायचं, ही इथली रीत. भाऊजी गेल्यापासून ताईचं घरचं माणूस म्हणजे तो एकटाच, तेव्हा सांगणाराही तोच आणि ऐकून घेणाराही तोच. ती बाहेर बाकावर पाठीला उशी लावून बसली होती. तिने विचारलं, "किती शेक?" तो म्हणाला, "पाच." आणि तिचा चेहरा असा उजळला...

"एवढेच? मला वाटलं, महिनाभर हेलपाटे."

तेव्हा सांगायचं होतं. त्या एका क्षणी, ती हसायच्या आत. पण त्याने मान हलवली, हो, एवढेच, आणि तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच. ताई मात्र कुलूप लावणाऱ्यातली नव्हे. दुसऱ्या दिवसापर्यंत बाकावरच्या प्रत्येकाला ठाऊक झालं होतं की हिचा भाऊच मशीन चालवतो, आणि भाऊ घरचा असला की पाचात आटोपतं.

लहानपणी त्याच्या टाचेत काटा मोडला होता. ताईने त्याचा पाय मांडीवर घट्ट धरला आणि सुई टोचायच्याही आधी म्हणत राहिली — झालंच, झालंच, हलू नकोस, झालंच... तो तिच्यावर विश्वास ठेवून शांत पडून राहिला होता. काटा निघायला सबंध दुपार गेली.

"साहेब, वेळ आहे का?"

दारात टेलरमास्तर उभे होते. जिभेचा रोग; रोज येऊन येऊन निम्मा पल्ला गाठलेला. गळपट्ट्याखालची मान भाजलेल्या वांग्यासारखी झाली होती, आवाज आत आत जात चालला होता, पण माणूस विनोदी. यांच्या डोक्याला टेबलाशी जखडणारा जाळीचा मुखवटा असायचा, चेहऱ्यावर गरम ओला बसवून केलेला, आणि परवा तो चढवताना मास्तरांनी गालाजवळ बोट घालून बघितलं होतं आणि म्हणाले होते, "फिटिंग सैल झालंय साहेब. गिऱ्हाईक वाळलं." बाई पोट धरून हसल्या होत्या. आज मास्तर हसवायला आले नव्हते.

"उद्यापासून नाही येत म्हटलं. सांगून जावं."

"का?"

"पाणी गिळताना डोळ्यांतून पाणी येतं. किती दिवस काढू?" ते थांबले, थुंकी गिळली, तिचासुद्धा त्रास झाला. "आणि लांबवायचं कशाला? तुमच्या ताईंचं पाचात होतंय. आमचं का नाही? आमचा इथे कुणी भाऊ नाही म्हणून?"

यात राग नव्हता, हेच वाईट होतं. मास्तर नुसते थकले होते, आणि थकलेल्या माणसाला वशिल्याची गोष्ट पटकन पटते. त्याच्या डोळ्यांपुढे ती बाई आली, काही वर्षांपूर्वीची, अशीच अर्ध्यावर सोडून गेलेली — घरचं लग्न आहे म्हणाली होती — आणि पुन्हा आली तेव्हा तिच्या गळ्याकडे बघवत नव्हतं, आणि डॉक्टरांनी तिला किती शेक लिहून दिले होते? पाच.

"तुमचा रोग वेगळा, मास्तर. प्रत्येकाचं गणित वेगळं."

"गणित वेगळं ते दिसतंच आहे."

खरं तर एवढ्यावर सोडून देता आलं असतं. डॉक्टरांकडे जा म्हणता आलं असतं, पण डॉक्टर दुपारशिवाय येत नाहीत आणि मास्तर तोवर थांबले नसते. हा माणूस बरा होणार होता. खात्यातले सगळे दबक्या आवाजात म्हणत होते की हा लागतो मार्गी, आणि असं म्हणायची वेळ इथे वरचेवर येत नाही. त्याला जर धरून ठेवायचं तर खरं सांगायला हवं, आणि खरं सांगायचं तर ते ताईचं सांगावं लागणार. दुसरा दाखला त्याच्याकडे नव्हता. मास्तरांनी तोच दाखला हातात धरला होता.

"मास्तर," तो म्हणाला, "नवा कोट शिवायला किती दिवस घेता?"

"कापड बघून. आठ-पंधरा दिवस."

"आणि विरलेल्या कोटाला ठिगळ लावायला?"

मास्तरांनी वर बघितलं. ते धंद्यातले होते.

"तुमचं शिवायला घेतलंय," तो म्हणाला. "म्हणून दिवस लागतायत. तिचं... तिचं ठिगळ आहे."

बोलून झाल्यावर त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. ठिगळ. चार दिवस जे आईच्या फोटोसमोर उभं राहूनही ओठांवर आलं नव्हतं, ते मशीनच्या दारात, एका शिंप्याला, त्याच्याच भाषेत, किती सोपं करून सांगितलं मी... अगदी आरामात सांगितलं. मास्तरांनी गळपट्टा उगाचच नीट केला.

"त्यांना माहीत आहे?"

"नाही."

"बरं," मास्तर म्हणाले. मग म्हणाले, "येतो मी उद्या." आणि बाकाकडे गेले.

हे चांगलं झालं होतं. एक माणूस वाचला असेल, कदाचित. तो खुर्चीत बसून राहिला आणि आनंद होतो का ते बघत राहिला, पण तो झाला नाही, आणि बाईंनी पुढचा पेशंट घ्यायचा का म्हणून दोनदा विचारलं तेव्हा तो उठला.

आता मास्तरांचा नंबर होता, त्यानंतर ताईचा. या नंबरावरून दोघांची पहिल्या दिवसापासून जुंपलेली. तिला फार वेळ बसवत नसे, ती म्हणायची मला आधी सोडा. मास्तर म्हणायचे, रांग म्हणजे रांग, भाऊ असो नाहीतर बाप असो. रोज तेच भांडण, आणि बाकावरच्या बाकीच्यांचा त्यावर वेळ जायचा. तो दार उघडून बाहेर आला तेव्हा मास्तर उठून उभे होते आणि त्यांच्या हातात ताईची पिशवी होती.

"ताई, तुम्ही जा आधी," ते म्हणाले. "मला काही घाई नाही."

ताईने त्यांच्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं. भिंतीला हात टेकत ती आत आली.

टेबलावर तिला निजवताना एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली. ती हलकी झाली होती, सोमवारपेक्षाही हलकी. आज जांभळ्या रेघा जागच्या जागी होत्या, तिने त्या पुसल्या नव्हत्या. "आज शहाण्यासारख्या ठेवल्यास," तो म्हणाला.

"उद्या शेवटचा ना. म्हटलं, राहू देत." तिने छताकडे बघितलं. "काय सांगितलंस त्या शिंप्याला?"

"काही नाही. सरळ हो जरा."

"मग तो माझी पिशवी का उचलतो?"

त्याने टेबल वर घेतलं. लाल रेघ तिच्या पोटावरून सरकली, जांभळीला भेटली. तो दुसऱ्या बाजूला गेला, कारण त्या बाजूची रेघ बघायची असते, आणि त्या बाजूने मशीनच्या आड तिचा चेहरा दिसत नाही.

"बाबांच्या वेळचं आठवतं तुला?" ती म्हणाली. "शेजारचे काका. जन्मभर भिंतीवरून भांडले बाबांशी. आणि शेवटच्या महिन्यात रोज सकाळी येऊन बाबांची खुर्ची उन्हात नेऊन ठेवायचे. तू लहान होतास. मी आईला म्हटलं, काका किती चांगले झाले ना गं. तर आई रडायलाच लागली."

"ताई, हलू नकोस."

"बोलतेय फक्त. हलत कुठे आहे." मग जरा वेळाने, "माणसं उगाच चांगली नाही रे वागत, ढब्बू."

"मी बाहेर जातो. दोन मिनिटं. हलू नकोस."

तो बाहेर आला, बाईंनी बटण दाबलं आणि हातभर जाडीचं ते दार आपल्या संथ चालीने बंद होत गेलं. पडद्यावर ताई दिसत होती, वरून, लहान, उताणी. मशीनचं डोकं तिच्याभोवती फिरायला लागलं आणि घरघर सुरू झाली. तिचे ओठ हलत होते. आतला आवाज ऐकायचं बटण त्याच्या हाताशीच होतं, ते थोडं फिरवलं की ऐकू आलं असतं, आणि त्याने हात मांडीवर ठेवला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग त्या आकड्यांकडे बघू लागल्या.

शेक चालू असताना आत कुणाला जाता येत नाही, नियमच आहे... आणि त्याला वाटलं, हा चालू राहावा. आज, उद्या, महिनाभर, दीड महिना, मास्तरांसारखा. कातडी जळू दे, ती मला शिव्या घालू दे, पण चालू राहावा. आणि हे वाटलं तसं त्याला एकदम कळलं की चार दिवस आपण तिला फसवत नव्हतो. इतकी वर्षं या खुर्चीत बसून, शेकडो माणसांच्या फाइली वाचून, पाच म्हणजे काय हे झोपेतही सांगता येत असून — ती हसून "एवढेच" म्हणाली तेव्हा तिच्याबरोबर तोही हसला होता, मनातल्या मनात, कुठेतरी खोल, आणि त्या "एवढेच"वर चार दिवस जगला होता. काल ती म्हणाली की पाठ जरा हलकी वाटतेय, तर रात्री तो दोन घास जास्त जेवला होता. ठिगळ म्हणून झाल्यावर मात्र ते गेलं. मास्तरांना सांगताना त्याने पहिल्यांदा स्वतःला सांगितलं होतं, आणि आता आत कुठेही हात घातला तरी रिकामंच लागत होतं.

घरघर थांबली. दारावरचा दिवा हिरवा झाला आणि दार सरकू लागलं. ताईला आपलं आपण उठता येत नसे, कुणीतरी जाऊन उठवावं लागे, आणि बाई अर्ध्या उठल्या होत्या, पण त्याने हाताने त्यांना बसवलं. तो दारापर्यंत गेला. आत ती तशीच पडून होती, अजिबात न हलता, सांगितलं होतं तशी, आणि तिने मान तेवढी दाराकडे वळवली होती. ती विचारणार होती. आणि खोटं बोलायला जे लागतं ते काहीच आता त्याच्याजवळ उरलं नव्हतं.