जेवणाच्या सुट्टीत फिरणारा पंप

मित्रांनो, टेक्सासमधल्या एका छावणीच्या दुरुस्तीशाळेत, खिडकीजवळच्या फळीवर जो जुना पंप निवांत बसला आहे, तो मी. निवांत हा शब्द माझ्या वाट्याला फार उशिरा आला.

माझा जन्म ओहायोतल्या कारखान्यात झाला. काम साधे होते: रडारच्या पोटात थंड द्रव खेळता ठेवायचा. शत्रूचे क्षेपणास्त्र रडारला दिसते, मग आपले क्षेपणास्त्र त्याला हवेतच गाठते. मी नसलो की रडार तापून डोळे मिटते आणि पुढचे सगळे महागडे सामान आंधळे होते.

आमच्या तुकडीकडे दोन रडार होती; मी पहिल्यात होतो. सहा वर्षांपूर्वी दुसऱ्याचा पंप जळाला. आमचे मुख्य मेकॅनिक सार्जंट ओडेल प्रुइट यांनी नवा मागवायचा अर्ज काढला. तो सतरा पानांचा निघाला. त्यापेक्षा मला उचलणे सोपे होते. माझे वजन एकोणीस किलो.

तेव्हापासून एक पद्धतच पडली. दरवर्षी तपासणीला तेच कर्नल यायचे. सकाळी पहिले रडार सुरू पाहून खूश व्हायचे. मग त्यांना ब्रिस्केट खायला न्यायचे. धुरावर शिजवलेले हे मांस एकदा पानात पडले की माणूस दोन तास उठत नाही. तेवढ्यात प्रुइट माझे आठ बोल्ट खोलून मला दुसऱ्या रडारात बसवायचे. दुपारी तेही सुरू! ‘सहा वर्षांत एकही पंप न मागणारी दुरुस्तीशाळा’ असा सन्मानफलकही भिंतीवर लागला.

राजधानीतल्या कार्यालयानेही ही कामगिरी वाचली. मागणी नाही, अर्थात पंप बिघडतच नाहीत. तर्कात चूक नव्हती. पुढच्या वर्षीच्या सुट्या भागांच्या निधीतून पंप वगळायचे ठरले.

त्याच उन्हाळ्यात तुकडीला परदेशी जायचा हुकूम आला. दोन तळ, दोन रडार, मध्ये दोनशे मैल. मला तेवढे अंतर नेईपर्यंत पुरेल एवढे लांबलचक जेवण कोणी जेवत नाही.

नव्या तांत्रिक अधिकारी रेनाटा किंटानिया यांना सगळे चीफ म्हणत. तपासणीच्या दुपारी प्रुइट पाना घेऊन आले, तेव्हा त्या माझ्याशेजारीच उभ्या होत्या.

“पाना खाली ठेवा, सार्जंट.”

“वीस मिनिटांचं काम आहे, चीफ. तुम्ही जेवून या ना. आज पीचचा गोड पदार्थही आहे.”

“आणि तिकडे? दुसऱ्या तळावर आपली ऐंशी पोरं झोपणार. क्षेपणास्त्र आलं तर त्याला काय सांगायचं, थांब बाबा, पंप वाटेत आहे?”

प्रुइटनी कान खाजवला. “फलक काढून नेतील हो.”

“खिळा तर राहील? त्याला टोपी अडकवा.”

बोलता बोलता प्रुइटचा हात माझ्या चौथ्या बोल्टवर पोचला होता. तो तिथेच थांबला. मग त्यांनी सोडवलेले तिन्ही बोल्ट पुन्हा घट्ट केले.

दुपारी कर्नलनी दुसऱ्या रडारचे बटण दाबले. काही झाले नाही.

“हे काय?”

“पंप नाही, सर,” प्रुइट म्हणाले.

“कुठे गेला?”

“सकाळी पाहिलात तोच, सर. सहा वर्षं तोच पाहताय.”

कर्नलनी मिशीवरचा रस्सा पुसला. “म्हणजे मी सहा वर्षं नुसतं जेवायला येत होतो?”

“जेवण चांगलं होतं ना, सर?” चीफनी विचारले.

कर्नल हसले नाहीत. पण ‘रडार बंद’ या शेऱ्याखाली त्यांनी सही केली. प्रुइटनी सतरा पाने भरली. कार्यालयाने पंप यादीत परत घेतला, आणि निघायला नऊ दिवस उरले असताना तीन नवे पंप आले. दोन रडारांसाठी आणि एक, अहो चक्क, जादा! दोन्ही रडार एकदम गुणगुणू लागली तेव्हा प्रुइट हत्यारांच्या पेटीवर बसले आणि सहा वर्षे कोंडलेला श्वास त्यांनी सोडला.

तुकडी गेली, प्रुइट दुरुस्तीशाळेतच राहिले. महिन्याभराने परदेशातून चीफचे पत्र आले. दोन्ही रडार चालू आहेत, पोरे घोरतात, जेवण बेचव आहे. इतकेच. प्रुइटनी ते दोनदा वाचले.

मित्रांनो, कुरकुर न करता चालणाऱ्या गोष्टीला काही लागत नाही, असे समजू नका. अधूनमधून झाकण उघडून बघा. आणि आत काही नसेल, तर नाही असेच लिहा.

माझ्यावर आता नवे शिपाई बोल्ट खोलायला शिकतात. जेवणाच्या सुट्टीत मला कोणी हलवत नाही. समोरच्या खिळ्याला प्रुइटची टोपी असते.