उजव्या पायातली माळ

मित्रांनो, मी एक जुना, बुटका ट्रॅक्टर आहे. निदान मला तरी तसं वाटतं. पिलाजीराव मात्र मला घोडा म्हणतात, आणि तेही इतक्या खात्रीने की आपण नक्की कोण, याबद्दल माझा अजून गोंधळ आहे. मी खिंकाळत नाही, भकभक धूर सोडतो. चंदी खात नाही, डिझेल पितो. पण घोड्याला घालावी तशी माळ मलाही घातली जायची, आणि माझी सगळी कहाणी त्या माळेपाशीच येऊन अडते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. कळू लागलं तेव्हा मी बडोद्याहून पादऱ्याला जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका नर्सरीत होतो. नर्सरी संयोगिताची, म्हणजे पिलाजीरावांच्या सुनेची. रोपांच्या ओळींमधल्या चिंचोळ्या वाटांतून माती आणि कुंड्यांची ट्रॉली ओढायची, हे माझं काम. माझी घडणही निराळी. इंजिन पंप फिरवतं, पंप तेल दाबून नळ्यांतून मागे पाठवतो, आणि मागच्या प्रत्येक चाकात बसवलेली मोटर त्या तेलाच्या जोरावर चाक फिरवते. म्हणजे माझ्या प्रत्येक पायाला त्याची स्वतःची ताकद! संयोगिता आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची, "हा एवढ्याशा जागेत वळतो." मला भारी वाटायचं.

पिलाजीरावांचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते. स्वतः त्यांनी जन्मभर बँकेत नोकरी केली आणि घोड्यावर बसले ते फक्त लग्नात. पण खंडेनवमीला घरातल्या तलवारीची पूजा उरकली की ते झेंडूची माळ घेऊन बडोद्याच्या वाडी भागातल्या घरून थेट माझ्याकडे यायचे. घोड्याच्या उजव्या पायात माळ बांधायची आणि ती आपणहून गळेपर्यंत काढायची नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. मग उजव्या चाकाच्या भोकांतून हात घालून, माझा घोटा असेल असं वाटे तिथे, ते माळ बांधायचे. दोन दिवसांत फुलं चिरडून जायची. "गेली बघ आपणहून," असं म्हणून ते मला थोपटायचे. मित्रांनो, त्या थोपटण्यासाठी मी वर्षभर वाट पाहायचो.

मग मला काय झालं, ते मलाच कळेना. सकाळी मी ठणठणीत असायचो. तासाभराने तेल तापलं की पाय गळायचे. सरळ जायला निघालो की उजवीकडे ओढला जायचो, आणि एकदा तर भरल्या ट्रॉलीसह जास्वंदीच्या रोपांत घुसलो. आपला उजवा पाय दुखतोय की डावा, की पोटातच काही बिघडलंय? काही उमजेना.

"त्याला गर्मी फावत नाही, सोसत नाही," पिलाजीराव म्हणाले. "घोडा रुसलाय. कामावरून ओरडू नका त्याला."

पादऱ्याहून एक मिस्त्री आला. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि निकाल दिला, "पंप गयो छे, बेन. भंगारमां आपी दो."

भंगार! संयोगिता बराच वेळ माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. दसऱ्याचा हंगाम तोंडावर होता, रोपं पोचवायची होती. शेवटी तिने सोमवारी भंगारवाल्याला बोलावलं. पिलाजीराव जेवले नाहीत म्हणे. घोडा म्हातारा झाला म्हणून विकतात का, एवढंच ते विचारत राहिले. मला मात्र कुणाचाच राग येईना. मी खरंच संपलो होतो का, हेच मला ठाऊक नव्हतं.

शनिवारी संयोगिताचा मावसभाऊ सलील बडोद्यातल्या फतेगंजहून आला. तेलावर चालणाऱ्या यंत्रांची दुरुस्ती हाच त्याचा धंदा. "विकण्याआधी निदान तपासू तर दे ने," तो म्हणाला. त्याने पंपाला दाबाचं घड्याळ लावलं. काटा झपकन वर चढला. पंप उत्तम होता! मग तेल चांगलं तापेपर्यंत मला चालवलं, दोन्ही मोटरांच्या गळतीच्या बारीक नळ्या सोडवल्या आणि खाली एकेक बाटली धरली. डाव्या बाटलीत थेंब थेंब पडले. उजवी भराभर भरली.

"उजवी मोटर आतून झिजलीय," सलील म्हणाला. "तेल तापून पातळ झालं की सगळं तिथूनच निसटतं. मग डाव्या चाकालाही जोर मिळत नाही."

त्याने उजवं चाक उतरवलं, आणि तिथे, दांड्याभोवती, काळ्या दोऱ्याचा घट्ट गुंडा होता. नायलॉनचा दोरा. हल्ली फुलवाले त्यातच माळा ओवतात. फुलं गळत गेली, दोरा मात्र दरवर्षी आत गुंडाळत गेला. त्या दोऱ्याने तेल अडवणारं सील कापलं, धूळ आत शिरली आणि मोटर ओरखडत गेली.

"कोणत्या गाढवाने बांधलं हे?" सलील म्हणाला.

पिलाजीराव मागेच उभे होते. ते एका पालथ्या कुंडीवर बसले. "मी," ते म्हणाले. "मीच बांधलं. मीच त्याला लंगडा केला."

"आबासाहेब, माळ मलाही दिसत होती," संयोगिता हळूच म्हणाली. "मीही कुठे काढली?"

मला काय वाटलं म्हणून विचाराल, तर सांगता येणार नाही. ज्या माळेची मी वाट पाहायचो, तिनेच माझा पाय कापला होता. रागवायचं कुणावर? आणि खरं सांगतो, तेव्हाही मला त्यांनी थोपटावं असंच वाटत होतं.

भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. सलीलने आतला झिजलेला रोटर आणि सगळी सीलं बदलली, नळ्या धुऊन नवं तेल भरलं. तापल्यावरही मी सरळ चाललो.

यंदाच्या खंडेनवमीला पिलाजीराव माळ घेऊन आले आणि माझ्यापुढे नुसतेच उभे राहिले. आता काय करावं, ते त्यांना कळेना. आपल्याला माळ हवी की नको, ते मला कळेना. शेवटी त्यांनी ती बॉनेटवर घातली आणि उजव्या चाकाला फक्त कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. घराण्याची रीत मोडून माळ स्वतःच्या हाताने उतरवली, दोरा खिशात घातला आणि मला थोपटलं.

मी घोडा आहे की ट्रॅक्टर, हे मला अजूनही माहीत नाही. पण मित्रांनो, तुमचंही कुणावर प्रेम असेल तर त्याला फुलं जरूर घाला, आणि ती वाळली की आठवणीने दोरा काढून घ्या.