पुनम अचानक गेली नव्हती

हट्टा गावात भागवतचं दुसरं लग्न जुळून राहिलंय, हे कळताच द्वारकाबाईनं शिरड शहापूरहून बस धरली. भागवत तिचा जावई. तिची लेक पुनम जाऊन चौदा महिने झाले होते. पुनमची दवाखान्याची फाइल तिनं पिशवीत घातली होती.

पुनमच्या पोटात तिळं होतं. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी भागवतला आणि त्याच्या आईला, सिंधूबाईला, समोर बसवून सांगितलं होतं, "तीन बाळं म्हणजे जोखीम मोठी. दिवस भरायच्या आधीच येतील. बीपी कधीही चढेल. डोकं दुखलं, सूज आली, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर त्याच घडीला आणा. सातव्या महिन्यापासून दवाखान्याजवळच राहा."

"मी पाच लेकरं घरीच बाळंत झाले," सिंधूबाई गावी येऊन म्हणाली. सोयाबीनची सुगी चालू होती. पुनम सुजलेल्या पायांनी भाकरी थापत राहिली. द्वारकाबाई न्यायला गेली, तर सिंधूबाईनं तिला ओसरीवरूनच परतवून लावलं. "सुगी झाल्यावर पाठवू."

आठ दिवसांनी पुनमला झटके आले. नांदेडला पोचेपर्यंत उशीर झाला होता. ती गेली, दोन पोरं गेली. अकराशे ग्रॅमची एक पोरगी तेवढी वाचली. तिलाही सिंधूबाईनं घरात घेतलं नाही. ती द्वारकाबाईकडंच वाढत होती.

हट्ट्यात नवऱ्या मुलीचे वडील उकंडराव पाहुण्यांना चहा देत होते. द्वारकाबाई सरळ बैठकीत शिरली.

"ही काहून आली इथं?" सिंधूबाई ओरडली.

"मी पुनमची माय. भांडायला न्हाई आले, दादा. तुमच्या पोरीला एक कागद वाचू द्या."

"पण यांनी तर सांगितलं, ती बाळंतपणात अचानक गेली म्हणून," उकंडराव म्हणाले.

त्यांची रागिणी बारावी शिकलेली. तिनं डॉक्टरीणबाईंच्या सूचना मोठ्यानं वाचल्या. मग मान वर करून भागवतला विचारलं, "त्यांचं डोकं किती दिवस दुखत होतं?"

भागवतनं आईकडं पाहिलं.

"तुमाला विचारलं मी."

"चार दिवस," तो पुटपुटला. "सुगी होती..."

रागिणीनं फाइल द्वारकाबाईच्या हातात दिली आणि ती आत निघून गेली.

"उठा पाहुणे," उकंडराव म्हणाले.

भागवतनं द्वारकाबाईला रस्त्यावर गाठलं. "मामी, माझं घर काहून मोडून राहिल्या? झालं ते झालं ना."

"तुझं झालं असंल. जिथं तुझं लग्न ठरंल, तिथं मी येईन. औंढ्याला ठरव, न्हाईतर परभणीला."

"जन्मभर?"

"व्हय. पुनमला तुमी चार दिवस दिले. मी तुला सारा जन्म देते."

तो रस्त्यातच मटकन बसला आणि रडायला लागला. द्वारकाबाई उभी राहून बघत राहिली. तिला मनापासून बरं वाटलं, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.