फोटोपुरता फिरता दवाखाना

मित्रांनो, आदिलाबादच्या एका सरकारी कचेरीमागे कडुलिंबाखाली जी पांढरी गाडी उभी दिसते, ती मी. मी फिरत्या दवाखान्याची जुनी गाडी आहे.

एका तेल कंपनीने मला विकत घेऊन गावांसाठी दिले. डिझेल कंपनीचे, माणसे आणि औषधे सरकारची, असा करार झाला. दर मंगळवारी मी तामसीकडच्या गावांना जात असे. अश्लेषा सिस्टर बायांचा रक्तदाब तपासत. ड्रायव्हर दौलत म्हाताऱ्यांना हात देऊन वर चढवी. रुक्माबाई नावाच्या आजी मला "माही लक्षुमी" म्हणत. तेव्हा मला माझा अभिमान वाटे.

मग कराराची मुदत संपली. नव्या कराराचे कोणी आधी बोलायचे, यातच वर्ष गेले. सिस्टरची बदली झाली. माझे टायर जमिनीला टेकले.

एके दिवशी मला अचानक धुतले. कंपनी आणि सरकारने मिळून केलेल्या विकासाची पुस्तिका निघणार होती, तिला माझा फोटो हवा होता. टायरमध्ये हवा भरून आणि थोडे डिझेल घालून दौलतने मला गावात नेले. मला पाहताच बाया कापसाची वेचणी सोडून धावत आल्या. माझ्या पोटात ना सिस्टर होती, ना एक गोळी. पुस्तिकेच्या कामासाठी जीपमधून आलेल्या साहेबांनी रुक्माबाईंना पायरीवर बसवले, दंडाला पट्टा गुंडाळला आणि फोटो काढला.

"किती हाय बीपी?" रुक्माबाईंनी विचारले.

"ठीक है, अम्मा," म्हणून साहेब आपल्या जीपमध्ये बसून निघून गेले.

मी लाजेने मेल्यासारखी झाले. दौलतने इंजिन सुरू केले, पुन्हा बंद केले आणि तो खाली उतरला.

"माय, ते मशीन बंद होतं. तुमचा बीपी कोनी पायलाच नाई."

"मंग ठीक हाय काऊन म्हनले?"

दौलतने त्यांच्या दंडाचा पट्टा सोडला. "फोटोसाठी. उद्या सकाळच्या बसनं तामसीच्या दवाखान्यात जा. या गाडीची वाट नका पाहू."

रुक्माबाईंनी माझ्या दारावरून हात फिरवला. "इचा काय दोष," त्या म्हणाल्या. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. रक्तदाब फार वाढलेला निघाला, गोळ्या सुरू झाल्या. पुस्तिकेत मात्र त्यांचा आणि माझा फोटो छान आला आहे.

मित्रांनो, मोठे होऊन तुमच्यातले कोणी कंपनीत जाईल, कोणी कचेरीत. गावाला काही दिलेत, तर नारळ फोडून थांबू नका. पुढच्या वर्षी ते चालते का, हे स्वतः जाऊन पाहा. चालवणे जमणार नसेल, तर तसे स्पष्ट सांगा. नाहीतर लोक वाट पाहत बसतात.